व्हिएन्नाचं ऐकणारं जाळं: छत्तीस वर्षं भूकंपाचे कागद वाचलेल्या बाईचा अभिप्राय

सेवा: अणुचाचणीबंदी कराराचं आंतरराष्ट्रीय निरीक्षण जाळं (सीटीबीटीओ), मुख्यालय व्हिएन्ना, ऑस्ट्रिया
गुण: पाचपैकी साडेचार

लेक व्हिएन्नात असते. या मे महिन्यात मी तिच्याकडे होते. तिने राजवाड्यांची आणि संग्रहालयांची यादी करून ठेवली होती. मी आल्या दिवशीच सांगितलं की आधी मला त्या इमारतीत ने, मग राजवाडे.

यू-वन मेट्रोने कायझरम्यूलेन स्टेशनला उतरलं की समोरच संयुक्त राष्ट्रांच्या उंच वळणदार इमारती उभ्या दिसतात. १९७९ पासून त्या वापरात आहेत. ऑस्ट्रियाने ही जागा ९९ वर्षांसाठी वर्षाला एक शिलिंग अशा नाममात्र भाड्याने दिली, हे ऐकून मला फार बरं वाटलं. दारात विमानतळासारखी तपासणी होते, पासपोर्ट लागतोच. ‘आई, पासपोर्ट घेतलास ना?’ असं लेकीने घर सोडण्याआधी तीनदा विचारलं. आत एका गोल चौकात देशोदेशीचे झेंडे टांगलेले आहेत. आपला तिरंगा शोधून काढला, हात जोडले आणि गाइड मुलीच्या मागे गेले.

मी कोण ते सांगते, म्हणजे माझ्या मताला किती वजन द्यायचं ते वाचणाऱ्याला ठरवता येईल. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. आमचं गाव पाटण तालुक्यात. आण्णांनी मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं एवढं आठवतं, आणि गोठ्याची भिंत कोसळल्यावर म्हैस हंबरत होती ते आठवतं. पुढे १९८४ ला मी एका धरणाच्या भूकंप वेधशाळेत नोकरीला लागले आणि २०२० ला निवृत्त झाले. पहिली दहा-बारा वर्षं काजळीच्या कागदाची होती. चकचकीत कागद ड्रमला गुंडाळायचा, रॉकेलच्या धुरकट ज्योतीवर ड्रम फिरवून त्याला एकसारखी काजळी धरवायची आणि मग तो यंत्रावर चढवायचा. दिवसरात्र सुई त्यावर पांढरी रेघ ओढत राही. दुसऱ्या दिवशी तो कागद स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्या लाखेत बुडवून दोरीवर वाळत घालायचा, तेव्हा कुठे ती रेघ पक्की व्हायची. त्याआधी कुणाचा पदर लागला तर आख्खा दिवस पुसला गेला. रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांशी घड्याळ जुळवायचं. आधी पोचणारी पी आणि मागून येणारी एस या दोन लहरींमधलं अंतर सेकंदांत मोजायचं, त्याला आठाने गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते ढोबळमानाने निघतं. मी आयुष्यभर हेच केलं आणि मन लावून केलं. त्यामुळे जगभरातली अशी शेकडो यंत्रं एकाच ठिकाणी जोडलेली आहेत, ती अणुस्फोटावर नजर ठेवतात आणि त्यांची नोंद सगळ्या सदस्य देशांना सारखी मिळते, हे वाचलं तेव्हापासून ते ठिकाण डोळ्यांनी बघायचं मनात होतं.

आता जाळ्याकडे वळते. करारात एकूण ३३७ ठिकाणं ठरवून दिली आहेत. त्यात ५० प्राथमिक आणि १२० साहाय्यक भूकंप-स्थानकं, समुद्रातला आवाज टिपणारी ११, हवेतला खूप खालच्या पट्टीतला आवाज टिपणारी ६०, हवेतले किरणोत्सारी कण पकडणारी ८० आणि त्या कणांची फेरतपासणी करणाऱ्या १६ प्रयोगशाळा. ही सगळी ८९ देशांत पसरलेली आहेत आणि त्यातली तीनशेच्या वर बांधून, तपासून सुरू झालेली आहेत. गाइड मुलगी हे आकडे भराभर सांगून पुढे निघाली. मी मात्र नकाशापाशी थांबले आणि अंटार्क्टिकाच्या बर्फावरचा ठिपका, कॅनडातल्या यलोनाइफचा ठिपका, दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटाचा ठिपका एकेक करून बघितला. माणूस जिथे राहायला तयार होत नाही तिथे या लोकांनी यंत्र नेऊन बसवलंय आणि ते वर्षानुवर्षं चालू ठेवलंय. यंत्र बसवणं सोपं असतं. पावसात, उंदरांत, विजेच्या लपंडावात ते चालू ठेवणं किती कठीण, हे मला माहीत आहे.

भूकंप आणि स्फोट वेगळे कसे ओळखायचे, हा प्रश्न मला गावाकडे हमखास विचारतात. भूकंपात जमिनीचे दोन तुकडे एकमेकांवर घासून सरकतात. त्यामुळे काही ठिकाणी पहिला धक्का वर ढकलणारा असतो, काही ठिकाणी खाली ओढणारा. स्फोट मात्र सगळ्या बाजूंना बाहेर ढकलतो, म्हणून कुठल्याही स्थानकावर पहिली हालचाल वरच असायला हवी. स्फोटात पी लहर ठसठशीत आणि एस लहर मरतुकडी येते. भूकंपात उलट, पी येऊन गेल्यावर एस दणक्यात येते आणि तिच्या मागोमाग जमिनीच्या पृष्ठभागावरून लोळत येणाऱ्या लांब लहरी. स्फोटात त्या लांब लहरी फारच कमी असतात. आणि खोलीही बघायची. तीस किलोमीटर खोल झालेला धक्का माणसाने घडवलेला असूच शकत नाही, तेवढं खोल कुणी खणत नाही. एका कागदावरून हे सगळं सांगता येत नाही. चारी दिशांचे कागद एकत्र हवेत. या जाळ्याची खरी किंमत इथे आहे.

प्राथमिक स्थानकांपैकी बरीचशी एकेकट्या यंत्राची नाहीत. काही किलोमीटरच्या परिसरात अनेक यंत्रं मांडलेली असतात. लांबून आलेली लहर प्रत्येकापाशी क्षणाक्षणाच्या फरकाने पोचते. तो फरक वजा करून सगळ्या नोंदी एकमेकींवर ठेवल्या की जवळच्या ट्रकचा, वाऱ्याचा, ओढ्याचा गोंधळ एकमेकांत विरतो आणि लांबची बारीक लहर वर उठून येते. शिवाय ती कुठल्या दिशेने आली हेही कळतं. जत्रेच्या गर्दीत आपल्या लेकराची हाक ऐकू यावी, तसं ते आहे.

सेवा कशी चालते ते कोरियाच्या उदाहरणावरून नीट कळेल. उत्तर कोरियाने ९ ऑक्टोबर २००६ ला पहिली चाचणी केली तेव्हा जाळं साठेक टक्केच उभं होतं आणि स्फोट एका किलोटनापेक्षाही, म्हणजे हजार टन टीएनटीच्या ताकदीपेक्षाही, लहान होता. तरी तो २२ भूकंप-स्थानकांनी पकडला. त्यानंतर २००९, २०१३, २०१६ मध्ये दोनदा आणि ३ सप्टेंबर २०१७ ला, अशा सहाच्या सहा चाचण्या नोंदल्या गेल्या. शेवटचीची तीव्रता ६.१ आली. तिच्यानंतर सुमारे साडेआठ मिनिटांनी त्याच डोंगरात आणखी एक लहान धक्का नोंदला गेला, तो वरचा खडक आत खचल्याचा. स्फोटानंतर पोकळी ढासळण्याचा तो धक्का वेगळा काढून दाखवणं हे कारागिरीचं काम आहे. ज्यांनी ते केलं त्यांना माझा नमस्कार.

भूकंप-यंत्रं मात्र इतकंच सांगतात की इथे, इतक्या वाजता, इतका मोठा स्फोट झाला. तो अणूचा की हजारो टन साध्या दारूगोळ्याचा, हे त्यांना सांगता येत नाही. त्यासाठी वास घ्यावा लागतो, आणि इथून पुढचा भाग मला या सगळ्या जाळ्यात सर्वात विलक्षण वाटतो. अणुस्फोटात झेनॉन नावाच्या वायूची किरणोत्सारी रूपं तयार होतात. झेनॉन सहसा कशाशी संयोग पावत नाही, म्हणून डोंगराच्या पोटात गाडून स्फोट केला तरी तो भेगाभेगांतून वर झिरपू शकतो आणि वाऱ्याबरोबर निघतो. ८० पैकी ४० स्थानकांवर हा वायू गाळून मोजायची यंत्रं ठरवलेली आहेत, स्वीडनची एक पद्धत, फ्रान्सची एक, रशियाची एक, अमेरिकेची एक. चार देशांनी आपापली यंत्रं आणून १९९९ पासून ती एकमेकांच्या शेजारी ठेवून तपासली. २००६ च्या चाचणीचा झेनॉन दोन आठवड्यांनी साडेसात हजार किलोमीटरवरच्या यलोनाइफला सापडला. २०१३ च्या फेब्रुवारीतल्या चाचणीचा वास तर आधी कुणालाच लागला नाही, आणि पंचावन्न दिवसांनी जपानमधल्या ताकासाकीच्या स्थानकाला लागला. आता बघा, झेनॉन-१३३ सव्वापाच दिवसांत निम्मा होतो, झेनॉन-१३१एम बारा दिवसांत. दोन्ही सापडले की त्यांच्या प्रमाणावरून ते किती दिवसांपूर्वी जन्मले याचा मागे हिशेब करता येतो. तो हिशेब १२ फेब्रुवारीच्या स्फोटाशी जुळला. दुधात पाणी किती हे जिभेवर ओळखणाऱ्या गवळणी आमच्या गावात होत्या, त्यांची आठवण झाली.

कणांच्या स्थानकावरची दिनचर्या साधी आहे आणि मला ती काजळीच्या कागदासारखीच वाटली. पंपाने तासाला किमान ५०० घनमीटर हवा फिल्टरमधून ओढायची, चोवीस तास. मग फिल्टर चोवीस तास नुसता ठेवायचा, म्हणजे हवेतली नैसर्गिक किरणोत्सारिता निवते. मग चोवीस तास जर्मेनियमच्या डिटेक्टरखाली ठेवून मोजायचं. असं तीन दिवसांचं चक्र, रोज नवा फिल्टर, वर्षाचे ३६५ दिवस. २०११ ला फुकुशिमाच्या अपघातानंतर ते कण जगभर कसे पसरत गेले, हे याच फिल्टरांनी दाखवलं.

समुद्राबद्दल थोडक्यात सांगते. पाण्यात एका विशिष्ट खोलीवर आवाज अडकतो आणि हजारो किलोमीटर न विरता जातो, म्हणून सगळ्या महासागरांना मिळून ११ स्थानकं पुरतात. १५ नोव्हेंबर २०१७ ला अर्जेंटिनाची सान हुआन ही पाणबुडी ४४ जणांसह नाहीशी झाली. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटापाशी आणि हिंदी महासागरातल्या क्रोझेपाशी लावलेल्या पाण्याखालच्या मायक्रोफोनांनी त्या दिवशी एक आवाज टिपला होता, तो शोधकांना दिला गेला. वर्षभराने पाणबुडी ९०० मीटरहून खोल पाण्यात सापडली. माणसं परत आली नाहीत, पण घरच्यांना निदान जागा कळली. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांजवळच्या निळ्या देवमाशांचा आजवर कुणाला माहीत नसलेला कळपही त्यांच्या गाण्यावरून याच नोंदींतून ओळखला गेला. हवेचं म्हणाल तर १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली, तिचा कानाला न ऐकू येणारा आवाज पंधरा हजार किलोमीटरवर अंटार्क्टिकात पोचला. २०२२ च्या जानेवारीत टोंगाचा ज्वालामुखी फुटला तेव्हा तर हवेची चालू असलेली सगळी ५३ स्थानकं एकदम बोलली.

पण मला जे सांगायचं आहे ते यंत्रांच्या ताकदीचं नाही.

आमच्या खोऱ्यात दोन वेगवेगळ्या खात्यांची भूकंप-यंत्रं होती. खात्यांची नावं लिहीत नाही. एका पावसाळ्यात बऱ्यापैकी धक्का बसला. आमच्या हिशेबाने केंद्र धरणाच्या दक्षिणेला आलं, त्यांच्या हिशेबाने वीसेक किलोमीटर उत्तरेला. दोन्ही आकडे दोन वर्तमानपत्रांत छापून आले. लोक वेधशाळेच्या फाटकाशी यायचे, ‘बाई, खरं कुठलं? आम्ही घरात झोपू का बाहेर?’ मी वरिष्ठांना म्हटलं, दोन्हीकडचे कागद एका टेबलावर ठेवू, अर्ध्या तासात मिटेल. पण त्यांचा कागद आम्हाला मिळायला सात महिने पत्रव्यवहार करावा लागला, आणि आमचाही त्यांना सहजासहजी दिला गेला नाही. कागद आल्यावर कळलं की दोघांपैकी एकाचं घड्याळ चुकलं होतं. कुणाचं, ते महत्त्वाचं नाही. त्या सात महिन्यांत लोकांचा दोघांवरचाही विश्वास उडाला, तो मी निवृत्त होईपर्यंत पुरता परत आला नाही.

एका खोऱ्यातल्या दोन खात्यांची ही कथा, तर शीतयुद्धातल्या दोन महासत्तांचं काय असेल? तरी १९७६ पासून जिनिव्हात स्वीडनच्या पुढाकाराने शास्त्रज्ञांचा एक गट बसत होता. त्यात अमेरिकेचेही होते, सोव्हिएत संघाचेही. करार दूर होता, विश्वास तर नव्हताच, पण नोंदी कुठल्या नमुन्यात लिहायच्या, कुठल्या वेळेत पाठवायच्या, कुणी तपासायच्या हे त्यांनी शांतपणे ठरवत आणलं. १९८४, १९९१ आणि १९९५ अशा तीन मोठ्या तालमी झाल्या. १९९६ ला करार सह्यांसाठी खुला झाला तेव्हा जाळ्याचा नकाशा कोरा नव्हता.

आजची पद्धत अशी. स्थानक ज्या देशात आहे त्याच्याच ताब्यात असतं, त्याचीच माणसं ते चालवतात. पण यंत्रातून निघणाऱ्या प्रत्येक नोंदीवर तिथल्या तिथे डिजिटल सही होते. वाटेत कुणी एक अंक जरी फिरवला तर ती सही जुळत नाही. नोंद उपग्रहावरून व्हिएन्नाला येते आणि जी कच्ची नोंद अमेरिकेला दिसते तीच बांगलादेशाला, तीच बोलिव्हियाला. ज्या देशाकडे भूकंपशास्त्रज्ञ नाहीत त्यांना वाचायचं सॉफ्टवेअर फुकट देतात, माणसं बोलावून शिकवतात. तासा-दोन तासांत संगणकाची पहिली यादी निघते, मग ती सुधारत जाते, आणि शेवटी माणसं एकेक घटना डोळ्याखालून घालून पक्की यादी करतात. शेवटची नजर माणसाची आहे, हे वाचून मला मनापासून समाधान झालं.

आणि एक गोष्ट. ही संस्था कधीही म्हणत नाही की अमुक देशाने अणुस्फोट केला. ती नोंद देते, विश्लेषण देते. निवाडा सदस्य देशांनी करायचा. काहींना हे कचखाऊपणाचं वाटतं. मला ते अगदी योग्य वाटतं. वेधशाळेचं काम नोंद ठेवणं. ज्या दिवशी वेधशाळा दोषी ठरवायला लागेल त्या दिवसापासून तिच्या कागदाकडे लोक संशयाने बघतील.

याचा उपयोग झाल्याचं उदाहरण १६ ऑगस्ट १९९७ चं. रशियाच्या नोवाया झेमल्या या चाचणीच्या बेटाजवळ साडेतीनच्या आसपास तीव्रतेचा धक्का नोंदला गेला आणि अमेरिकेत संशय उठला की रशियाने गुपचूप चाचणी केली. वेगवेगळ्या देशांतल्या स्थानकांच्या नोंदी एकत्र ठेवल्यावर तो धक्का चाचणीच्या जागेपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, कारा समुद्राच्या तळाखाली निघाला. काही महिन्यांनी अमेरिकेलाही ते मान्य करावं लागलं. जाळं पकडतं हे सगळे सांगतात. ते निर्दोष सोडवतंही, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आता उणिवा. जाळं एका किलोटनाच्या स्फोटासाठी आखलेलं आहे. प्रत्यक्षात ते बऱ्याच ठिकाणी त्याहून लहानही पकडतं, पण सगळीकडे नाही. आपलंच उदाहरण घ्या. ११ मे १९९८ चा पोखरणचा स्फोट जगभर नोंदला गेला. १३ मे च्या दोन चाचण्या, आपण जाहीर केल्याप्रमाणे किलोटनाच्या आतल्या, त्या वेळच्या जाळ्याला दिसल्या नाहीत. तेव्हा जाळं बाल्यावस्थेत होतं हे खरं, तरी मर्यादा ती मर्यादा. दुसरं, औषधासाठी किरणोत्सारी पदार्थ बनवणारे कारखानेही झेनॉन सोडतात आणि तो स्फोटाच्या झेनॉनसारखाच दिसू शकतो. त्यातून खरं-खोटं निवडण्यात फार मेहनत जाते. तिसरं, स्थानक यजमानाच्या ताब्यात असल्याने ते बंद पडू शकतं. ८ ऑगस्ट २०१९ ला रशियात न्योनोक्साला स्फोटाचा अपघात झाला. दोन दिवसांनी दुबना आणि किरोवच्या स्थानकांवरून नोंदी यायच्या थांबल्या, पाठोपाठ बिलिबिनो आणि झालेसोवोच्या. नोंद बदलता येत नाही, पण दाबून ठेवता येते. मात्र ते गप्प झाल्याचं जगाला लगेच कळलं, हेही तितकंच खरं.

सामान्य माणसासाठी एक सूचना: कच्च्या नोंदी सर्वांना खुल्या नाहीत. सदस्य देशांच्या केंद्रांना त्या मिळतात, संशोधकांना करार करून मिळतात. आपल्यासारख्यांना संकेतस्थळावरचे अहवाल वाचता येतात आणि ते वाचण्यासारखे असतात. त्सुनामीचा इशारा देणाऱ्या केंद्रांना मात्र या नोंदी थेट जातात. २००४ च्या त्सुनामीनंतर ती सोय झाली, आणि इंडोनेशिया, थायलंड, म्यानमार, मलेशिया या शेजाऱ्यांनी तसे करार केले.

आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे करार अजून लागूच झालेला नाही. १८७ देशांनी सही केली आहे, पण ठरावीक ४४ देशांनी सही करून मान्यता दिल्याशिवाय तो अमलात येत नाही. अमेरिका, चीन, इस्राइल, इराण, इजिप्त यांनी सही केली, मान्यता दिली नाही. भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरिया यांनी सहीच केली नाही. रशियाने दिलेली मान्यता नोव्हेंबर २०२३ मध्ये मागे घेतली. त्यामुळे शंका आली तर जागेवर जाऊन हजार चौरस किलोमीटरपर्यंतचा परिसर तपासायची जी तरतूद आहे ती कागदावरच आहे. जॉर्डनमध्ये २०१४ ला तिची मोठी रंगीत तालीम झाली, यंत्रं आहेत, शिकलेली माणसं आहेत, आणि त्यांना खऱ्या ठिकाणी पाठवायचा हक्क कुणालाच नाही. अर्धा गुण मी यासाठी कापला. यंत्रं चालवणाऱ्यांचा त्यात काहीच दोष नाही.

आपल्याबद्दल लिहिताना मला जड जातं, तरी लिहिते. अणुचाचण्या थांबवा असं २ एप्रिल १९५४ ला पंडित नेहरूंनी जाहीरपणे मागितलं, तेव्हा जगात दुसऱ्या कुठल्या देशाचा नेता तसं बोलत नव्हता म्हटलं तरी चालेल. १९६० च्या दशकात ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बंगळुरूच्या उत्तरेला गौरीबिदनूर इथे ब्रिटनच्या मदतीने भूकंप-यंत्रांची मांडणी उभी केली. वीस यंत्रं, इंग्रजी एल अक्षराच्या आकारात, दूरवरचे अणुस्फोट ऐकण्यासाठी. तशाच तीन बहिणी स्कॉटलंडमध्ये एस्कडेलम्यूरला, कॅनडात यलोनाइफला आणि ऑस्ट्रेलियात वारामुंगाला होत्या. नोकरी लागल्यावर आमच्या जुन्या साहेबांनी मला पहिल्यांदा गौरीबिदनूरबद्दल सांगितलं. तेव्हापासून ते नाव मी देवस्थानाच्या नावासारखं मनात धरलं आहे.

२० जून १९९६ ला जिनिव्हात राजदूत अरुंधती घोष यांनी भारत या करारात येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. अण्वस्त्रं असलेले देश ती कधी नष्ट करणार याची मुदत करारात नव्हती, आणि भारताच्या सहीशिवाय करार अडेल असं कलम घालून आपल्यावर दाब आणला जात होता. त्यांचा मुद्दा मला तेव्हाही पटला, आजही पटतो. सही करायची की नाही हा सरकारचा विचार, त्यात मी पडत नाही. पण त्याबरोबर आपली स्थानकंही त्या जाळ्यातून गेली, त्याचं दुःख आहे. श्रीलंकेत पल्लेकेलेला स्थानक आहे. वारामुंगा आणि यलोनाइफ प्राथमिक यादीत आहेत, एस्कडेलम्यूर साहाय्यक यादीत. व्हिएन्नातल्या नकाशावर मी बोट टेकवून शोधलं. आपल्या आख्ख्या देशावर ठिपका नव्हता. बाहेरच्या चौकात तर तिरंगा होता.

गाइड मुलीला मी विचारलं की करारातली स्थानकांची मूळ यादी कुठे बघायला मिळेल. ती म्हणाली, कराराच्या शेवटी जोडलेली आहे, कुणालाही वाचता येते. त्या रात्री लेकीने ती पानं छापून दिली. प्राथमिक भूकंप-स्थानकांची यादी देशांच्या इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमाने आहे. वरून खाली वाचत गेले. जर्मनी आला. त्याखालच्या ओळीत देशाचं नाव नाही, जागेचं नाव नाही, तिथे ‘ठरवायचे आहे’ अशा अर्थाचे शब्द छापले आहेत. त्याखाली इराण. तीस वर्षं ती ओळ तशीच आहे.

ते पान मी घरी घेऊन आले. समासात पेन्सिलीने गौरीबिदनूरचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवलेत, १३.६ उत्तर, ७७.४ पूर्व.